उलट चाललेला रंग

त्या उन्हाळ्यात रंगाऱ्याच्या घरात दोन तान्ही बाळं होती. एक खोलीतल्या पाळण्यात होतं आणि दुसरं मागच्या अंगणात, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं. काळजी दुसऱ्याची जास्त घेतली जात होती.

दुसरं बाळ म्हणजे निळीचा रांजण. नीळ पाण्यात टाकली, ढवळली आणि झालं, इतका तिचा स्वभाव गरीब नाही. तिला आंबवावं लागतं, ऊब द्यावी लागते, कोंडा आणि मळी भरवावी लागते, पोट बिघडलं तर चुन्याची निवळी पाजावी लागते, आणि दिवसातून तीनदा कुणीतरी तिच्या तब्येतीची चौकशी करावी लागते. म्हातारा रंगारी ही चौकशी जिभेने करायचा. काठीचं टोक बुडवायचं, त्यावरचा थेंब बोटावर घ्यायचा, बोट जिभेला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. घरात त्याला दादा म्हणत. दादाचे डोळे मिटलेले असताना अंगणात कुणी शिंकतसुद्धा नसे.

निळीचा कपडा रांजणातून बाहेर येतो तेव्हा हिरवा असतो. वारा लागला की बघता बघता निळा होतो. हिरव्याचा निळा, कधी उलट नाही. दादाच्या मते भरवसा ठेवावा अशी जगात एवढी एकच गोष्ट उरली होती.

त्या साली तीही उरते की नाही अशी वेळ आली. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मचूळ झालं. रांजण रुसला. फेस यायचा तो तांबूस न येता राखाडी यायला लागला, आणि वास असा की शेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकांची खुर्ची उचलून रस्त्याच्या पलीकडे नेली. कपडा बाहेर यायचा तो पडशाने बेजार झालेल्या माणसासारखा फिकट. आणि नेमकं त्याच महिन्यात एका कारखान्याच्या कामगारांच्या डगल्यांचं कापड रंगवायला आलेलं. व्यापारी खुर्चीवर न बसताच बोलून गेला होता, "पुढच्या महिनाअखेरीला द्या. नाहीतर शहरात पुडीचा रंग लावणारे आहेत. त्यांच्या रंगाला जीव नसतो म्हणता ना तुम्ही, पण तो वेळेवर मिळतो."

या सगळ्या धांदलीत पहिलं बाळ जन्मलं. तेही गाडीची वाट न बघता. सूनबाई सकाळपर्यंत कापड पिळत होती. दुपारी कळा सुरू झाल्या, दादाचा मुलगा गाडी आणायला पळाला, आणि तो गाडी घेऊन आला तेव्हा दादाची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणे, दारात बसून हात धूत होती. "ने परत गाडी," ती म्हणाली. "मुलगी झाली. आणि ते घड्या घातलेले दोन तागे पुन्हा धुवायचे आहेत."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून नर्सबाई आल्या. त्यांनी बाळाला झोळीच्या काट्याला अडकवून वजन केलं, बेंबी पाहिली, आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "जन्मल्याबरोबर मांडीत एक इंजेक्शन देतात. घरी झालं म्हणून तुमच्या बाळाचं राहिलंय. माझ्याकडचं संपलं. दोन दिवसांत आरोग्य केंद्रात घेऊन या."

"कशाचं इंजेक्शन?" दादाने विचारलं.

"रक्त गोठावं म्हणून, के जीवनसत्त्वाचं. बाळाच्या अंगात ते कमी असतं. आईच्या दुधातून पुरेसं मिळत नाही."

"आमच्या घराण्याचं रक्त चांगलं आहे."

"रक्त सगळ्यांचंच चांगलं असतं, दादा. ते वेळेवर थांबावं लागतं."

केंद्र तेरा मैलांवर. घरची टेम्पोगाडी रोज पहाटे कापड घेऊन नदीवर जाई, कारण गावात कापड धुण्याइतकं पाणी नव्हतं. ती संध्याकाळी परत येई. म्हणून उद्या जायचं ठरलं. उद्या कोंडा आणायचा होता. परवा रांजणाला ताप आला. त्यानंतर चुनेवाला यायचा होता. सूनबाईने एका आठवड्यात तीनदा आठवण केली, आणि तिन्ही वेळा दादा म्हणाला, "जायचंच आहे गं. मी कुठे नाही म्हणतोय?" आणि खरंच, तो कधीही नाही म्हणाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई पुन्हा आल्या. त्या वेळी सूनबाई नवऱ्याबरोबर नदीवर गेली होती, अक्का बाळाला घेऊन शेजारी सावलीला बसली होती, आणि दादा रांजणापाशी डोळे मिटून उभा होता. जिभेवर थेंब. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या थेंबाला थोडी गोडसर चव आली होती. नर्सबाईंनी अंगणाच्या दारातूनच विचारलं, "त्या इंजेक्शनला जाऊन आलात ना केंद्रात?"

तोंड उघडलं असतं तर चव गेली असती. दादाने मान हलवली. वरखाली.

थुंकून, चूळ भरून तो दाराशी आला तोवर स्कूटर कोपऱ्यावर वळलेली होती, आणि पुढच्या खोलीत बाळाच्या कार्डावर बरोबरची खूण करून ठेवलेली होती. दादाने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. उद्या जायचंच आहे, म्हणजे झाल्यातच जमा आहे, असा त्याने विचार केला, आणि कार्ड परत फळीवर ठेवलं.

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी सूनबाई बाळाला अंघोळ घालून पुसत होती तेव्हा तिला पाठीवर मसुरीएवढा निळा ठिपका दिसला. तिने ओल्या बोटाने चोळला. साबण लावून चोळला. मग बाळाला तसंच पंच्यात गुंडाळून ती अंगणात आली.

"दादा, हे जरा बघा."

दादाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. कापडावरचा डाग कशाचा, किती दिवसांचा, आणि कुणाच्या हलगर्जीपणाने पडला, हे सांगण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. लोक लग्नाचे कपडे घेऊन त्याच्याकडे येत आणि डागाची कुंडली घेऊन जात.

"नीळ आहे," तो म्हणाला.

"साबणाने जात नाही."

"जाईल कशी? आपली नीळ आहे. शहरातली असती तर तुझ्या फुंकरीने गेली असती."

"पण पाठीला कुणाचा हात लागला?"

"घरात आठ हात आहेत सूनबाई, आणि आठही कोपरापर्यंत निळे. बाळाला काय वाऱ्याने उचललं?"

हे बोलणं बिनतोड होतं. सूनबाईने आपले हात पाहिले. ते निळेच होते. लग्न झाल्यापासून निळे होते. ती आत गेली.

बुधवारी दंडावर दोन डाग उठले आणि बरगडीवर तीन. एकाशेजारी एक, बोटं टेकावीत तसे. घरात चौकशी बसली.

"अक्का, तू ओल्या हाताने उचलतेस," दादा म्हणाला.

"मी?" अक्का म्हणाली. "माझी बोटं एवढी जाड आहेत का? नीट बघ. हा अंगठा तुझ्या मुलाचा आहे. त्याच्या अंगठ्याने दार लावलं तर कडीची गरज लागत नाही."

"मी तीन दिवसांत पोरीला हात लावलेला नाही, आत्या," मुलगा म्हणाला. "मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते, आणि निघतो तेव्हा मी झोपलेला असतो."

"म्हणजे माझीच बोटं."

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालाच नाहीस, म्हणून तर कळलं."

अक्का दिवसभर कुणाशी बोलली नाही, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बोलली, पण भिंतीशी. शेवटी तोडगा निघाला की बाळाला उचलण्याआधी प्रत्येकाने हाताला पांढरं फडकं गुंडाळायचं. दोन दिवस घरातली माणसं हाताला भाजल्यासारखी फडकी बांधून बाळाला उचलत होती. न्हाव्याने कुंपणावरून चौकशीही केली, सगळ्यांना एकदम काय चावलं म्हणून.

डाग थांबले नाहीत. मांडीवर एक आला, कानामागे एक आला. गुरुवारी संध्याकाळी सूनबाईने सगळी फडकी दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्यांच्यावर बाळाला लागेल इतकी नीळ कुठेच नव्हती. तिने ते कुणाला सांगितलं नाही. आठ हातांच्या हिशेबानंतर तिला पुन्हा अंगणात जाऊन उभं राहायचा कंटाळा आला होता. दिवसभर ओलं कापड पिळून तिची मनगटं सुजलेली होती, आणि बाळही पहिल्यासारखं ओढून पीत नव्हतं. चार घोट घेई आणि दमून झोपी जाई.

शुक्रवारी सकाळी रांजणावर तांबूस फेसाची पहिली चंद्रकोर दिसली. दादाने ती पाहिली आणि काठी हातातच धरून खाली बसला. अजून दोन दिवस जपलं की झालं. रविवारी कापड बुडवता येईल. ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून तो आत आला. अक्का विहिरीवर होती, सूनबाई भांडी घासत होती. पाळण्यात बाळ पालथं झोपलं होतं आणि पाठ उघडी होती.

सोमवारचा ठिपका आता मसुरीएवढा नव्हता. तो पसरला होता. मधे निळसर होता, कडेला हिरवा झाला होता, आणि हिरव्याच्याही बाहेर पिवळी कड आली होती.

दादा पाळण्याची दोरी धरून उभा राहिला. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. पन्नास वर्षांत त्याने हिरव्याचा निळा होताना पाहिला होता. सकाळ संध्याकाळ, हजारो वेळा. निळ्याचा हिरवा होताना कधी पाहिला नव्हता. तसं होत नाही. नीळ मागे फिरत नाही.

म्हणजे ही नीळ नव्हती.

इतकं त्याला कळलं. पुरतं कळलं. त्याने पायथ्याची चादर ओढून बाळाच्या पाठीवर घातली.

"झोपलंय का?" सूनबाईने मोरीतून विचारलं.

"झोपलंय शांत," दादा म्हणाला. आणि बाहेर जाऊन त्याने रांजणाभोवतीचा भुसा नीट दाबला, कारण वारा सुटला होता आणि रांजणाला गारठा लागला असता.

दुपारच्या जेवणात अक्काने भाजीत मीठ दोनदा घातलं होतं. सगळ्यांनी एका घासात तोंड वाकडं केलं. दादाने ताट स्वच्छ केलं.

शनिवारी सकाळी मुलगा नदीवर गेल्यावर बाळाने दूध ओकलं. दुधात तपकिरी धागे होते. सूनबाईने तोंड पुसलं, तर नाकपुडीतून एक बारीक रेघ ओठावर उतरली. तिने ती टिपली. पुन्हा उतरली. पुन्हा टिपली. बेंबी वाळून तीन आठवडे झाले होते, तीही ओली दिसत होती. तिने फडकं हातात धरलं आणि अंगणात आली. या वेळी ती रांजणापासून चार पावलांवर थांबली नाही. अगदी काठाशी आली.

"दादा, आपण लाल रंगवत नाही," ती म्हणाली.

दादाने फडक्याकडे पाहिलं. डागाची कुंडली सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी केंद्रात चालले."

"गाडी संध्याकाळी..."

"चालत चालले."

तिने बाळाला पोटाशी झोळीत बांधलं, फळीवरचं कार्ड घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि निघालीही. अक्का दारात आली. तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"तू काय बघतोस? छत्री घेऊन जा मागे."

"रांजण..."

"त्याला मी ढवळते."

"ढवळू नकोस," दादा म्हणाला. "काही म्हणता काही करू नकोस त्याला." आणि छत्री घेऊन निघाला.

ऊन चांगलंच वर आलं होतं. दादा छत्री उघडून सुनेला सावली धरायचा प्रयत्न करत होता, पण सून पस्तीस वर्षांनी लहान होती आणि थांबत नव्हती. त्यामुळे मैलभर छत्रीची सावली फक्त दादावरच पडली. एकदा तो धापा टाकत म्हणाला, "अगं, जरा हळू." ती वळली नाही. दोनदा तिने थांबून झोळीत बोट घातलं, बाळाच्या नाकाशी धरलं, आणि पुन्हा चालायला लागली.

फाट्यावर खडीचा ट्रक मिळाला. ड्रायव्हरने तिघांना पुढे घेतलं.

"आजोबा, हात कसले हो एवढे निळे? विजेचं बिल वाढतंय म्हणून मीटरला हात घातला होता की काय?"

"रंगारी आहे."

"आणि बाळ? तेही रंगवलंत?" झोळीतून बाळाचा दंड बाहेर आला होता. ड्रायव्हर हसला.

कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने दंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तो खड्डे चुकवायला लागला, आणि खडीचा ट्रक खड्डे चुकवतो हे त्या रस्त्यावर कुणी पाहिलेलं नव्हतं.

केंद्रात दोन खोल्या होत्या, एक लांब बाक होतं आणि बाकावर अकरा माणसं. सूनबाई रांगेत उभी राहिली नाही. ती सरळ आत गेली. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने "आम्ही काय इथे गंमत बघायला बसलोय?" असं म्हटलं, पण झोळीत नजर गेल्यावर त्यानेच सरकून दाराचा पडदा बाजूला धरला.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या, आणि सकाळपासून उभ्या होत्या असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी बाळाला टेबलावर ठेवून कपडे काढले. पाठ पाहिली, दंड पाहिला, बरगडी पाहिली, कानामागे पाहिलं. टाळूवर तळहात ठेवून थोडा वेळ तसाच राहू दिला. डोळ्यांत बॅटरीचा उजेड पाडला. डागागणिक त्यांचा चेहरा बंद होत चालला होता.

"कार्ड?"

सूनबाईने दिलं. डॉक्टरीणबाईंनी वरून खाली बोट फिरवलं, एका जागी थांबवलं, आणि कार्ड बाजूला ठेवलं.

"हे इंजेक्शन झालंय. मग हे काय आहे?" त्या सूनबाईकडे बघत होत्या. कुठलं इंजेक्शन, हे तिने विचारायच्या आत पुढचा प्रश्न आला. "घरी बाळाला कोण सांभाळतं?"

"मी. आणि आत्या."

"तुम्ही कामाला जाता?"

"कापड पिळते. घरीच."

"पडलं होतं का कधी? हातातून सुटलं?"

"नाही."

"रडून रडून तुम्हाला राग येतो का? सगळ्यांनाच येतो. एखाद्या वेळी जोरात धरलं? हलवलं?"

सूनबाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती टेबलाची कड धरून उभी राहिली. तिची निळी बोटं पांढऱ्या चादरीवर पसरली होती. डॉक्टरीणबाईंनी ती बोटं पाहिली आणि मग बाळाच्या बरगडीवरचे तीन डाग पाहिले. शेजारच्या नर्सने दाराकडे पाऊल टाकलं.

"हे बोटांचे वळ दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "मला हे पोलिसांना कळवावं लागेल. बाळाला मोठ्या हॉस्पिटलला पाठवते, गाडी यायला तीन तास लागतील. तोवर तुम्ही बाहेर बसा. बाळ इथेच राहील."

"मी तिला मारलेलं नाही," सूनबाई म्हणाली.

"मी तसं म्हटलेलं नाही."

"पण बाहेर बसायला सांगितलंत."

तिचा आवाज फुटला नव्हता. तो फक्त दमलेला होता. पाच आठवडे ती जे सांगत होती ते कुणी ऐकलं नव्हतं, आणि आज जे तिने केलंच नव्हतं त्याबद्दल सगळे तिचं ऐकायला तयार होते.

नर्सने बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब घेतले होते आणि टाचेवर कापसाचा बोळा दाबला होता. बोळा लाल झाला. तिने दुसरा लावला. तोही झाला. "थांबत नाहीये, मॅडम," ती म्हणाली.

दादा इतका वेळ छत्री घेऊन कोपऱ्यात उभा होता. मध्यंतरी कुणीतरी त्याला खुर्ची दिली होती, ती त्याने घेतली नव्हती. तो पुढे आला.

"ते इंजेक्शन झालेलं नाही," तो म्हणाला.

"कार्डावर खूण आहे, आजोबा."

"आहे. ती माझी."

"तुम्ही केलीत?"

"नर्सबाईंनी केली. त्यांनी विचारलं, जाऊन आलात का. मी मान हलवली. माझ्या तोंडात रंग होता, तोंड उघडता येत नव्हतं." हे कारण त्याने इतके दिवस मनात ठेवलं होतं आणि मनात ते बरं दिसायचं. इथे ते सगळ्यांसमोर उघडं पडलं. "नंतर उघडता आलं असतं. उघडलं नाही. आम्ही कधी आलोच नाही इथे."

त्याने छत्री भिंतीला टेकवली.

"आणि काल मला समजलं होतं की हा रंग नव्हे. रंग असा मागे फिरत नाही. मी वरून चादर घातली. हिला काही विचारू नका. ही रोज सांगत होती."

डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, "फ्रीजमधून के काढा." मग सूनबाईकडे वळून, "या, इकडे उभ्या राहा. पाय धरा तिचा. मी दुसरीकडेच शोधत होते."

इंजेक्शन एवढंसं होतं. काचेची करंगळीच्या पेरापेक्षा लहान कुपी, त्यात पिवळसर पाण्याचे काही थेंब. दादाने रांजणाला एका दिवसात याच्या शेकडोपट चुन्याचं पाणी पाजलं होतं. सुई गेली तेव्हा बाळ रडलं, पण फार नाही. डॉक्टरीणबाईंना ते कमी रडणं आवडलं नाही, असं त्यांच्या कपाळावरून दिसलं.

"आता?" सूनबाईने विचारलं.

"काही तासांत रक्त धरायला लागेल. टाळू फुगलेली नाही, ही चांगली गोष्ट आहे. डोक्यात रक्त गेलंय की नाही ते मोठ्या हॉस्पिटलमध्ये फोटो काढल्यावरच कळेल. नक्की मी सांगू शकत नाही. तोवर टाच दाबून धरायची, बोळा भरला की बदलायचा, आणि बाळ फार झोपाळलं, झटके आले, तर लगेच हाक मारायची."

बाहेर अकरा माणसं होती. त्यांना तपासायला त्या गेल्या. नर्सही गेली.

सूनबाई खाटेवर बाळाला छातीशी घेऊन बसली. टाच एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने बोळा बदलायचा तर बाळाला धरायला तिसरा हात हवा होता. ती दोन वेळा प्रयत्न करून थांबली. दादा समोर उभा होता. तिने त्याच्याकडे न बघता बाळाचा पाय त्याच्या दिशेने थोडा पुढे केला. दादाने जमिनीवर बसून टाच दोन बोटांत धरली.

अक्काने निरोप धाडला म्हणून तासाभराने मुलगा आला. नदीवरून घरी, घरून इकडे, तसाच ओल्या विजारीने. सूनबाईने चार वाक्यांत त्याला सगळं सांगितलं. ती सांगताना दादा खाली बघून टाच दाबत होता. बापावर चिडायची मुलाला सवय नव्हती; कुठून सुरू करायचं तेच त्याला समजत नव्हतं. शेवटी तो भलतंच बोलला.

"रांजण आला."

"काय?"

"रांजण सुधारला. वरपर्यंत तांबूस फेस आहे. आत्या म्हणाली तुम्ही सांगितलं म्हणून तिने हातसुद्धा लावला नाही. तिला वाटतं तुम्ही त्याला जास्तच ढवळत होता. त्याला नुसतं पडू द्यायला हवं होतं."

दादाने मान हलवली. पाच आठवडे. दिवसातून तीनदा. ज्याला हात लावायचा नव्हता त्याला तो जपत बसला होता.

"आजच बुडवायला हवं," मुलगा म्हणाला. "उद्यापर्यंत थांबेल का तो?"

"मला विचारू नकोस," दादा म्हणाला. "तू जा आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही थांबला तर नाही थांबला. मला इथे काम आहे."

मुलगा गेला नाही. भिंतीला टेकून बसला, आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले. पहाटे तीनपासून तो पाण्यात उभा होता.

दादा बोळे बदलत होता. पहिले तीन गच्च लाल होते. चौथ्याला बराच वेळ लागला. पाचव्यावर फक्त मधोमध पैशाएवढा डाग होता, आणि त्याभोवती फिकट गुलाबी वर्तुळ. दादा दर वेळी बोळा उजेडाकडे धरून बघे आणि पत्र्याच्या डब्यात टाके. ओणवं बसून त्याच्या पाठीला कळ लागली होती. मधे बाळाने डोळे उघडले आणि तोंड चाळवलं. सूनबाईने त्याला छातीला लावलं. ते प्यायलं, चार घोट, पाच, आठ. ती ओठ न हलवता मोजत होती. बारानंतर मोजायचं सोडलं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला आणि नर्स कागद आवरायला लागली.

दादाने सहावा बोळा उचलला. उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला. टाचेकडे पाहिलं. सुई टोचल्याचा काळपट ठिपका तेवढा होता, कोरडा.

"काय आहे?" सूनबाईने विचारलं. घरून निघाल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

त्याला दिसत होतं. चष्मा नसता तरी दिसलं असतं. पण त्याने बोळा तिच्या हातावर ठेवला.

"तू बघ," तो म्हणाला. "तू सांग."

तिने बोळा उलगडला. आतून बाहेरून, सगळीकडून पाहिला. घाई केली नाही.

"पांढरा आहे," ती म्हणाली.

"मग पांढराच आहे," दादा म्हणाला, आणि खाटेचा पाय धरून उठायला लागला, कारण गाडी दाराशी आली होती.